मुरुडच्या फडातला हातोड्या

"हे कुनाला सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई," खाटेशेजारच्या स्टुलावर बूड टेकवता टेकवता सटवाजी म्हणाला, "पन औंदा मुरुडच्या जत्रंत अमेरिकेचा टीवीवरचा पैलवान हातोड्या जोनास उतरून राहिला. म्या सवता त्याला हदगावच्या स्टँडवर गाडीत बसवला."

खाटेवरचा माणूस भिंतीकडं तोंड करून पडला होता. तो हलला नाही.

दारात उभ्या असलेल्या त्याच्या मुलानं, बालाजीनं, बायकोकडं पाहिलं आणि बबितानं हातातल्या तांब्याकडं. हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, लातूरहून मुरुड अशा गाड्या बदलत हा म्हातारा आपल्या दोस्ताला तो आजारी पडल्यापासून पहिल्यांदा भेटायला आला होता. आल्यावर तब्येत विचारली नाही, दवाखान्याचं विचारलं नाही, पायातल्या चपलासुद्धा उंबऱ्याच्या आत येऊन मग आठवण झाल्यासारख्या काढल्या, आणि थेट अमेरिकेत शिरला.

"गाडीत बसला कसा, म्हनून इचारा की," तो म्हणाला आणि कुणी विचारेना तेव्हा स्वतःच पुढं झाला. "तीन सीटचं बाकडं एकट्यानं भरलं. खिडकीपाशी एक म्हातारी बसलेली, ती अशी चेपली की अर्धापूरपर्यंत तिचा नुसता पदर दिसत व्हता. मला म्हनते, कंडक्टर, ह्याला उठवा. म्या म्हनलं, माय, ह्याचं तिकीट फाडावं का ह्याला लगेज लावावं, हेच मला कळंना, तर उठवू कुठून?"

बबिताला हसू फुटलं. तिनं ते पदरात दाबलं.

सटवाजीला कंडक्टरकी सोडून आता बरीच वर्षं झाली होती, पण त्याच्या गोष्टींत तो अजून ड्यूटीवर असायचा. नोकरीत असताना त्याच्या गाडीतून दोन जिल्ह्यांतले पैलवान कुस्त्यांच्या फडाला जायचे आणि यायचे. जाताना बदाम चावत, येताना कान चोळत. कोण कुणाला भिऊन आहे, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या घरची म्हैस आटल्यामुळं ताकद आटली आहे, हे सगळं त्याला मागच्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंत तिकिटं फाडताना कळायचं. म्हणून जत्रेत कुस्त्यांच्या जोड्या लावायला त्याला बोलवायला लागले. अंगावर मांस नाही, आयुष्यात मातीत उतरला नाही, पण फडाच्या मधोमध खाकी डगल्यात उभा राहिला की भले भले पैलवान त्याच्यासमोर शाळेतल्या पोरासारखे हात पुढं करायचे.

त्याची रीत साधी होती. पैलवानाचं मनगट धरून वर करायचं, समोरच्याचं नाव घ्यायचं आणि विचारायचं, "मान्य?" पैलवानानं तोंडानं 'मान्य' म्हणायचं. नुसती मान हलवलेली सटवाजीला चालत नसे. मान भ्यालेला माणूसही हलवतो, असं तो म्हणे. तीनदा विचारून तोंडातून शब्द आला नाही की मनगट सोडून द्यायचं आणि ती कुस्ती दुसऱ्याला. मग तो पैलवान कितीही नावाजलेला असो. ह्या एका बाबतीत सटवाजी लबाडी करत नसे. बाकी सगळीकडं करी.

आणि मुरुडच्या व्यंकटीचं मनगट धरून त्यानं जितक्या वेळा विचारलं होतं, तितक्या वेळा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं होतं.

तोच व्यंकटी दिवाळीच्या तोंडावर शेतातून आला, ओसरीवर बसला आणि उजव्या अंगाला कलंडला. लातूरच्या दवाखान्यात जीव वाचला. पाय ओढत का होईना, धरून धरून चार पावलं टाकायला लागला. बोलणं जड झालं होतं, पण होतं. मग तालमीच्या दिवसांतला एक ओळखीचा भेटायला आला. वाईट नव्हता बिचारा, पण व्यंकटी काहीही बोलला की कानाशी हात नेऊन "काय म्हनले?" असं विचारायचा. व्यंकटीनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं तोंड मिटलं, ते मिटलंच. डॉक्टर म्हणाले, जीभ चालवली नाही तर ती चालायची विसरेल, आणि मग आमच्याकडं त्याचं औषध नाही. बालाजीनं विनवलं, रडून पाहिलं. शेवटी त्यानं बापाचं सगळं न बोलताच चालेल अशी व्यवस्था लावली. पापणी हलली की पाणी, बोट हललं की चादर. लातूरच्या तेलगिरणीतली रात्रपाळी करून आलेला तो मुलगा दिवसा बापाच्या पापणीकडं बघत बसायचा.

सटवाजीला हे सगळं फोनवर कळलं होतं. निघताना धोंडाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पिशवीत पेरू घालता घालता बजावलं होतं, "तिथं जाऊन एकेक थाप सोडू नगा. आजारी मानूस हाय. हातात हात घ्यावा, दोन शब्द धीराचं बोलावं, गप माघारी यावं."

तो तसं ठरवूनच आला होता. पण स्टुलावर बसला, आणि चादरीवर पडलेला तो उजवा हात दिसला. एके काळी त्या पंजात सटवाजीचं डोकं नारळासारखं मावायचं. आता तो पंजा कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडला होता. धीराचे दोन शब्द त्याला सापडले असते तर त्यांच्या मागोमाग रडू आलं असतं. म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि जे येत होतं ते केलं.

"तर फड असा हाय," तो म्हणाला. "टीवीवर कसं, पैलवान आला की धूर सोडतेत, बाजा लावतेत. आपन कमी न्हाई. ओल्या तुराट्या पेटवायच्या. असा धूर की लातूरहून बंब यावा. बाजा म्हनशीला तर हलग्या. अन् सोन्याचा पट्टा बिट्टा काई न्हाई. पट्टा त्यांना लागतो, ज्यांची चड्डी सैल आसती. आपल्याकडं फेटा."

"काका, जोनास शिडीवरून उडी मारतो," बबिता म्हणाली. तिला राहवलं नाही.

"तुला जोनास ठाऊक हाय?"

"ठाऊक म्हंजे. रोज लावतो आमी. मी अन् मामा."

हे खरं होतं. हिमायतनगरचं माहेर असलेल्या ह्या सुनेला चार भावांच्यात वाढल्यामुळं टीव्हीवरच्या कुस्त्यांचा नाद होता, आणि जेवणं झाली की ती त्या लावायची. सासरा पहिल्या दिवशी ओसरीतून ओरडला होता, ही नुरा हाय, ठरवून पडतेत सगळे, बंद कर. दुसऱ्या दिवशी दारात उभा राहून ओरडला. तिसऱ्या दिवशी बाजेवर बसून. मग रोजचंच झालं. "मामा, एवढं खोटं हाय तर बगता कामून?" असं तिनं विचारलं तर म्हणायचा, "शिव्या द्याया." आता ती टीव्ही लावायची, उशी नीट करून त्याचं तोंड तिकडं करायची, आणि तो बघायचा की नाही ते कळायचं नाही. शिव्यांवाचून ती कुस्ती तिलाही अळणी लागायला लागली होती.

"बरं झालं, जानकार मानूस घरातच हाय," सटवाजी म्हणाला. "शिडी बिडी चालंल. मातीत रोवायची. तर जोनासची कुस्ती शेवटची. समोर कोन, तर दुसरा कोन आसनार."

त्यानं वाकून व्यंकटीचं डावं मनगट, चालतं मनगट, धरलं आणि वर केलं.

"व्यंकटी मुरुडकर आन् हातोड्या जोनास. मान्य?"

व्यंकटीनं तोंड वळवलं नाही. पण मान जराशी हलली.

"हाव म्हनतेत, काका," बालाजी घाईनं म्हणाला.

"मानीचं मला नगो सांगू. मानीवर जोड न्हाई लावली म्या कदी. पैलवान, मान्य?"

माजघरात पंखा कुरकुरत होता. सटवाजीनं तिसऱ्यांदा विचारलं, थांबला, आणि ते मनगट चादरीवर सोडून दिलं.

"गेली. शेवटची कुस्ती आनंदराजला."

"हिमायतनगरचे का?" बबिता म्हणाली. "ते तर वारले. आमच्या गल्लीतले. मी लहान होते तवा."

"वारला व्हय. मेलेला हाय, तरी 'मान्य' म्हनला."

बालाजीचा चेहरा ताणला. सटवाजीनं तिकडं पाहिलंच नाही.

"शेवटून दुसरी. तोंडाला मुखवटा लावतो तो कोन गं?"

"काळा गरुड. त्याला समोरून जायाचं न्हाई काका. डोळ्यात भुकटी मारतो."

"मारू दे. आपल्या पैलवानाला भुकटीचं काय भ्या. मिरच्या झोडपलेला मानूस हाय." त्यानं पुन्हा मनगट धरलं. "व्यंकटी मुरुडकर आन् काळा गरुड. मान्य?"

शब्द नाही.

"मान्य?"

आता मानही हलली नाही.

"सोडला हात. ही कुस्ती निलंग्याच्या दोघा भावांना. त्यांना लावून दिली की झालं, कुस्ती राहते बाजूला, एकमेकांशीच कानडीत भांडत बसतेत. गरुड बिचारा हैरान." तो घसा खाकरून पुढं झाला. "मधल्या कुस्त्या भरल्या. आता खालच्या तेवढ्या उरल्या. रेवड्यांच्या."

रेवड्यांच्या कुस्त्या म्हणजे फड सुरू व्हायच्या आधी लहान पोरांना खेळवतात त्या. जो जिंकेल त्याच्या ओंजळीत रेवड्या, जो हरेल त्याच्याही.

"दुसरीतलं एक पोरगं आलंय. बकरीयेवढं वजन. नाक पुसायचं हाय अजून. व्यंकटी मुरुडकर आन् हे पोरगं. मान्य का?"

"बास, काका." बालाजी दारातून आत आला. आवाज मोठा नव्हता. "चा घ्या आन् निघा. माज्या बापाची टिंगल कराया एवढ्या लांबून आलात?"

"टिंगल?" सटवाजी म्हणाला. "टिंगल कोन करतंय ते बग एकदा. मी आल्यापासून बगून राहिलो. त्यानं तहान लागायच्या आदी पानी. कूस बदलायच्या आदी उशी. आरं, ह्या मानसानं जल्मात कुनाकडनं न मागता काई घेतलं न्हाई. जत्रंतला नारळसुदा म्हनायचा, आदी कुस्ती, मग नारळ. तू त्याला मागूच दीना."

"मग काय करू? तहानेनं मारू?"

सटवाजीनं स्टुलाच्या कडेवर नख घासलं. बालाजी बोलतच राहिला. "तुमी आज आलात, आज जाल. मी रोज हाय. दिवसा झोप मोडून त्यांना कुशीवर करतो. त्यांच्या डोळ्यात काय दिसतं ते मला ठाऊक हाय, तुमाला न्हाई. बोलायला गेले की लाजतेत. ती लाज बगवत न्हाई मला." तो थांबला. "गाडी काढतो. स्टँडवर सोडतो तुमाला."

तो बाहेर गेला. अंगणात मोटरसायकल स्टँडवरून उतरवल्याचा आवाज आला, मग किक, मग दुसरी किक. गाडी थंड होती, लागत नव्हती.

सटवाजीनं पिशवीतले पेरू काढून खाटेच्या पायथ्याशी ठेवले. आता उठायला हवं होतं. धोंडाबाईला काय सांगायचं, हेही ठरवायला हवं होतं. हात हातात घेतला होता, इतकं तरी खरं सांगता आलं असतं. आपल्याला आयुष्यात एवढी एकच गोष्ट करता येते, आणि ती आज हदगावच्या स्टँडपासून मुरुडच्या खाटेपर्यंत कुचकामी ठरली, असं त्याला वाटलं. पैलवान चीत झाला की माती झटकून उठतो. गप्पा मारणारा चीत झाला तर त्यानं काय झटकायचं.

"मग जोनासचं काय झालं?" बबिता म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. ती तांब्या खाली ठेवून भिंतीला टेकून खाली बसली होती, टीव्हीसमोर बसतात तशी. बाहेर नवरा किक मारत होता आणि ती बसली होती.

"जोनासचं?" सटवाजी म्हणाला. जत्रा अजून पुढच्या महिन्यात होती, पण त्याच्या तोंडी ती होऊनही गेली. "आगं, लई बेक्कार झालं. आनंदराज मेलेला गडी, त्याला आंगच न्हाई. जोनास धरतोय आन् हात सुटतोय, धरतोय आन् सुटतोय. पन अंधार पडाया लागला तसा आनंदराज म्हनला, मला माघारी जायाचं हाय, वरचं दार लावून घेतेत. गेला. फड मोकळा. जोनास शिडीवर चढला आन् छाती बडवून इंग्रजीत काईतरी म्हनला. इंग्रजी कुनाला येत न्हवतं, पन शिवी हाय एवढं समद्यांना कळलं."

"काय म्हनला आसंल?"

"म्हनला आसंल, मराठवाड्यात हाय का कुनी. आन् कुनी उठंना. नांदेडवाले लातूरवाल्यांकडं बगतेत, लातूरवाले नांदेडवाल्यांकडं. निलंग्याचे भाऊ कानडीत गप बसले. एवढा मोठा फड, आन् सुई पडली तर ऐकू यावी. तवा म्या उतरलो."

"तुमी?" बबिता हसलीच.

"म्या. डगला काढला, आत लंगोट व्हता. कंडक्टरच्या आत लंगोट असतोच. येळ काई सांगून येत न्हाई. जोनासनं वरून बगितलं, त्याला म्या दिसंना. म्हनला, कुठंय? तोवर म्या त्याच्या बगलेत. आन् घातला घिस्सा."

घिस्सा हा व्यंकटीचा डाव होता. दोन्ही जिल्ह्यांत तो कुणी घातला तरी लोक म्हणायचे, व्यंकटीचा डाव मारला. सटवाजीनं तिरप्या नजरेनं खाटेकडं पाहिलं. भिंतीकडं वळलेली ती रुंद पाठ श्वासानं वरखाली होत होती. जरा जोरात होत होती का, हे त्याला ठरवता येईना.

"गेला वर. इतका वर गेला की त्याला तिथनं औशाची येस दिसली. खाली आला तसा पाठ मातीला. दोनी खांदे. माती अशी उडाली की मुरुडच्या निम्म्या घरांवर पुन्ना सारवायची गरज न्हाई. लोकांनी मला उचलला. फेटा बांधला. दहा हातांचा फेटा, माजं डोकंच सापडंना."

बाहेर गाडी लागली. बालाजीनं तिला एकदा जोरात रेस दिली, मग चालूच ठेवली.

"आन् मामा?" बबितानं विचारलं. आता ती हसत नव्हती. "मामा कुठं व्हते?"

डोळ्यांतलं पाणी सटवाजीनं अंगठ्यानं निपटलं आणि आवाज होता तसाच, लबाड ठेवला.

"व्हता की. मांडवात व्हता. मान्यवरांच्या रांगंत. प्लॅष्टिकची खुर्ची दिली व्हती हाताची. पाठीला तक्क्या, मांडीवर शाल. जुना मल्ल म्हनून सत्कार झाला, आदी नारळ दिला, त्यानं घेतला. कुनीतरी कपातनं पानी पाजलं. समदे म्हनत व्हते, पैलवान, बसा, तरास करून घेऊ नगा."

बालाजी दारात येऊन उभा राहिला होता. हातात किल्ली नव्हती, गाडी मागं तशीच धडधडत होती. "चला काका," तो म्हणाला.

"चाललोच. एवढं सांगतो आन् उठतो." सटवाजी उठून उभा राहिला, पण बोलला बबिताकडं बघून नाही, बालाजीकडं बघून नाही, त्या पाठीकडं बघून. "जोनास शिडीवरनं बोंबलून राहिला, कुनी हाय का, हाय का कुनी. समदा मराठवाडा गप. आन् हा आमचा व्यंकटी पैलवान, मांडीवर शाल घिऊन, खुर्चीत बसून, गोड हसत व्हता."

खाट कुरकुरली.

आधी डावं कोपर चादरीत रुतलं. मग ती पाठ भिंतीपासून सुटली. बालाजी धावणार तोच बबितानं बसल्या जागेवरून त्याचा पाय धरला. व्यंकटी स्वतःच वळत होता, आणि वळताना उजवा हात मागं राहिला तेव्हा त्यानं तो डाव्या हातानं धरून आपल्याबरोबर ओढून घेतला. तोंड समोर आलं. ओठ एका बाजूला ओढलेले, गालावर उशीच्या सुरकुत्या. जीभ जागा शोधत बराच वेळ हलली. कुणी तिच्या मदतीला गेलं नाही.

"खोतं," व्यंकटी म्हणाला. श्वास घेतला, आणि सटवाजीवरची नजर न काढता पुढचं एकेक करून बाहेर काढलं. "म्या... बसायचा... न्हाई."